डाव्या कोपऱ्यावरची देवकी

देवकी,

काल सकाळी पेपर उघडला आणि आतल्या पानावर, अगदी खाली, तू भेटलीस. "डिचोली येथील श्रीमती देवकी गडेकर (६१) यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्या धार्मिक व मनमिळाऊ वृत्तीच्या होत्या. त्यांच्या पश्चात पुत्र, सून, नातवंडे असा परिवार आहे." संपलं. पुढे लगेच कुठल्याशा बँकेची सूचना.

मनमिळाऊ? तू? अगं, तू घोटा धरलास की समोरची पोर आईच्या नावानं टाहो फोडायची. आणि धार्मिक कधीपासून झालीस? सातेरीच्या देवळात तू जायचीस ती प्रसादाच्या केळ्यांसाठी, हे साऱ्या कोरगावाला ठाऊक होतं. पण पेपरवाल्यांकडे मेलेल्या बाईसाठी एकच साचा असतो, तुलाही त्यातच कोंबलं. ह्या पेपरानं तुझं नाव छापलं ते हे पहिलंच. त्याआधी एकदा तू त्यात आली होतीस, पण बिननावाची आणि चोर ठरून.

म्हणून आता वाचणाऱ्यांना तुझी गोष्ट सांगते. तुला ती पाठ आहे, त्यांना नाही. त्यात मी येईन ती 'शालिनीबाई' म्हणून, तू हाक मारायचीस तशी. 'मी मी' करत लिहिणाऱ्यांचा मला कंटाळा आहे.

*

कोरगावात, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडणे तालुक्यात, काजूचा एक लहान कारखाना होता. शिगम्याला, होळीच्या सुमारास सुरू व्हायचा, गणपतीच्या चवथीला बंद पडायचा. भट्टीत भाजलेल्या बिया समोर ओतायच्या आणि बायकांनी ओळीनं बसून त्या फोडायच्या, हे काम. भाजली तरी बी आपला गुण सोडत नाही. टरफलात काळं तेल असतं, ते बोटांवर येतं आणि कातडी जाळतं. बोटांची सालं निघतात, तळहाताला भेगा पडतात, नखांच्या कडा काळ्या होतात त्या कशानंच जात नाहीत. बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायचा तेव्हा ह्या बायकांच्या हातात न देता मांडीवर टाकायचा.

त्यावर बायकांचे उपाय दोन. कामावर असताना हात अधूनमधून भट्टीच्या राखेत बुडवायचे. घरी आल्यावर खोबरेल चोळायचं, सकाळी उठल्यावर पुन्हा चोळायचं. सकाळचं तेल चुकलं तर बोटं मिटत नाहीत, तांब्याही उचलत नाही.

देवकी परब सोळाव्या वर्षी त्या ओळीत जाऊन बसली. बुटकी, रुंद, मान खांद्यात रुतलेली, आणि तोंडानं फाटकी. कुणी काही बोललं तर उत्तर तयार. शेठ एकदा म्हणाला की तुझ्या फोडलेल्या बियांत तुकडाच फार निघतो, तर ही म्हणाली, तुमी दिल्ल्या पगारांत अख्खी बी बसना, शेटी. अख्खी ओळ खदखदून हसली आणि शेठ पंधरा दिवस तिच्याकडे बघेना.

ह्याच ओळीतल्या बायका रविवारी कबड्डी खेळायच्या. सातेरीच्या देवळाखाली मळा होता. भात कापून झालं की बायकाच मळ्याचा एक तुकडा चोपून काढायच्या, शेणानं सारवायच्या, चुन्यानं रेषा ओढायच्या. आधी लपतछपत चाले. मग घरच्यांना सवय झाली, आणि पुढे पुढे तर नवरेच पोरं सांभाळत बांधावर बसू लागले. मांद्र्याची, समुद्रात जाळी ओढणाऱ्या रापणकारांच्या पोरींची तुकडी यायची, तुयेची यायची. बांधावर पाय ठेवायला जागा नसे.

तुयेला तेव्हा कारखाने यायला लागले होते. तिथे लेथवर काम करणारा जयवंत हा मूळचा कोल्हापूरकडचा. गावाकडे तोही खेळलेला. एका रविवारी तो बांधावर येऊन बसला आणि पुढच्या रविवारपासून शिट्टी घेऊनच येऊ लागला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. देवकीला डाव्या कोपऱ्यावर उभी केली ती त्यानं. तोवर ती समोरच्या पोरीला कमरेत मिठी मारायची आणि पोर वळून निसटायची.

"कंबर धरू नगा, ताई," तो म्हणाला. "कंबर फसवती. घोटा फसवत न्हाई."

तेवढं एक वाक्य देवकीनं मनात धरलं आणि मग पुढची काही वर्षं साऱ्या पेडणे तालुक्यात तिच्या कोपऱ्यावर पाय टाकून परत गेलेली पोर विरळाच. ती खाली वाकून, लोणच्याची बरणी उचलावी तसा घोटा उचलायची. बांधावरचे म्हातारे म्हणायचे, "गेलो गो बाये तुजो पाय."

आता राखेची गोष्ट, कारण पुढे सगळं तिच्यावरच येतं. कबड्डीच्या नियमात अंगाला तेल लावायची बंदी आहे. बरोबरच आहे, निसटायला तेल लावणारे लबाड सगळीकडे असतात. पण काजूवाल्या बायकांच्या हाताला तेल नाही असा दिवस मोसमात उजाडतच नाही. ह्यावर कोरगावानं आपला रिवाज पाडला होता. खेळ सुरू व्हायच्या आधी दोन्हीकडच्या पोरींनी भट्टीची राख तळहातांना चोळायची. राख तेल शोषते, हात कोरडा खरखरीत होतो, पकड बसते. देवकीच्या शेजारी बसणारी उषा राखेची पुडी कमरेला खोचूनच यायची. मांद्र्याच्या पोरी बिया फोडत नव्हत्या, तरी त्याही राख चोळायच्या. राखेशिवाय शिट्टी वाजत नसे.

शालिनीबाई पेडण्याच्या शाळेत मराठी शिकवायच्या. कॉलेज शिकलेल्या, तोंडाळ, आणि मराठीच्या चळवळीत गळ्यापर्यंत उतरलेल्या. तेव्हा गोव्यात राजभाषा कोकणी की मराठी ह्यावरून घराघरांत भांडणं होती. त्यांचीही बाजू ठरलेली होती आणि ती बाजू लावून धरणारा पेपर त्यांच्या घरी रोज यायचा.

सत्याऐंशीच्या जानेवारीत कोरगावात मराठीची सभा ठरली. जागा कुठली? मळाच. दिवस कुठला? रविवार, आणि त्याच रविवारी दुपारी कोरगाव आणि मांद्र्याची अंतिम लढत होती. सभेची माणसं बायकांकडे आली, म्हणाली, मराठीचं काम आहे, तासभर थांबा. बायका थांबल्या. चुन्याच्या रेषांवर टेबल, खुर्च्या आणि कर्णा आला. पणजीहून पेपरची जीप आली, तिच्यातून वार्ताहर आणि फोटोवाला उतरले. भाषणं तासाची अडीच तास झाली. शालिनीबाईंनीही केलं. बांधावर माणूस मावत नव्हतं, झाडांवर पोरं चढलेली. देवकी आणि बाकीच्या पोरी कडेला उकिडव्या बसून राहिल्या, राख चोळलेले हात गुडघ्यांवर उलटे ठेवून, म्हणजे राख पुसली जाऊ नये.

सभा संपली. वार्ताहर नारळपाणी पीत उभा होता, पाठ मळ्याकडे. शालिनीबाई त्याला म्हणाल्या, आता बघा, खरा कार्यक्रम आता आहे. तो म्हणाला, बाई, अंधाराच्या आत फेरी गाठायला हवी. मांडवीचा पूल पडला होता, बेतीला फेरीबोट पकडावी लागे, हे खरं. पण शिट्टी वाजली तेव्हा त्याची जीप अजून बांधावर होती आणि त्यानं एकदाही मान वळवली नाही.

त्या लढतीत देवकीनं मांद्र्याच्या अख्ख्या तुकडीला एकामागून एक बसवलं. दिवस मावळताना कोरगाव जिंकलं आणि बांधावरच्या गर्दीनं तिला खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर मथळा होता: "मराठीसाठी कोरगावात जनसागर." खाली गर्दीचा फोटो. झाडांवरची पोरं, बांधावरचे म्हातारे, सगळे त्यात दिसत होते. कबड्डीचा एक शब्द नाही. गर्दी कबड्डीला आली होती हे छापणाऱ्याला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. खेळाच्या पानावर मडगावच्या फुटबॉलचा सामना, कोण जखमी झाला, कुणाच्या मामाचं लग्न म्हणून कोण खेळला नाही, सगळं तपशिलात.

देवकीनं तो फोटो देवळाच्या पायरीवर बघितला. बोट ठेवून स्वतःला शोधत राहिली. कडेला कर्ण्याच्या खांबामागे एका बसलेल्या बाईचा गुडघा दिसत होता.

"हो माझो धोपर," ती उषाला म्हणाली. "आयलें गो हांव पेपरार."

ओळीतल्या बायका हसल्या. शालिनीबाईंना कळलं तेव्हा त्यांना हसू आलं नाही. त्यांचं भाषण मात्र पेपरात जसंच्या तसं आलं होतं. मोर्च्याला माणसं हवी असली की ह्या लोकांना पेडणे नकाशावर सापडे, आणि त्या माणसांचा खेळ आला की नकाशा गुंडाळून ठेवला जाई. इंग्रजी पेपरांचे वार्ताहर तर कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात यायचेच नाहीत. कोकणीच्या बाजूचेही धुतल्या तांदळासारखे नव्हते, त्यांना पेडणेकर म्हणजे घाटाकडे तोंड केलेली माणसं. आणि कबड्डी? ती तर 'घाट्यांचा खेळ'.

*

मे महिन्यात गोवा घटकराज्य झालं. फटाके फुटले. पुढच्या वर्षी कबड्डीचा संघ पहिल्यांदाच 'गोवा राज्य' म्हणून बाहेर जाणार असं ठरलं आणि त्यासाठी म्हापशाला निवड ठेवली गेली. पणजी-मडगावच्या कॉलेजांना पत्रं गेली. पेडण्याला कुणी कळवलं नाही. इंग्रजी पेपरात आदल्या आठवड्यात बोटभर सूचना आली होती ती शाळेच्या शिक्षकखोलीत शालिनीबाईंच्या नजरेस पडली. त्या तशाच बस पकडून कोरगावला गेल्या.

एप्रिल होता, मोसम ऐन भरात. देवकी बिया फोडत होती. सव्वीस वर्षांची झाली होती, घरचे लग्नाचं बघत होते आणि हे तिचं खेळायचं शेवटचंच वर्ष, हे तिलाही कळत होतं. शालिनीबाईंनी सूचना वाचून दाखवली. तिनं हात राखेत बुडवले, झटकले आणि विचारलं की निवडलं तर घालायला काय देतात. बाई म्हणाल्या, बनियन देतील, त्यावर राज्याचं नाव असेल.

देवकीनं राखेचा हात छातीवर आडवा धरून बघितला. मग म्हणाली, "बाई, माका तें जाय. छातीर गोवा बरयलेलें. एक दीस घालतलें आनी मागीर लग्न करतलें, जाय ताच्याकडेन." एक दिवस छातीवर गोवा, मग म्हणाल त्याच्याशी लग्न.

शेठनं शनिवारची सुट्टी दिली नाही. शनिवारी दिवसभर बिया फोडून रविवारी सकाळी देवकी, उषा, जयवंत आणि शालिनीबाई म्हापशाला निघाली. सकाळी उठून देवकीनं हातांना खोबरेल चोळलं होतं, रोजच्यासारखं. त्यात विचार करायचं काही नव्हतंच. उषाच्या कमरेला राखेची पुडी होती.

मैदानाच्या दारात टेबल टाकून निवड समितीचा चिटणीस बसला होता. गोकुळदास नाव. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, आणि शिट्टी कधी वाजवली असेल असा चेहरा नाही. त्यानं नावं विचारली, कॉलेज विचारलं. काजूचा कारखाना म्हटल्यावर त्यानं मान वर केली. मग त्याला उषाच्या कमरेची पुडी दिसली.

"हें कितें? अंगारो?" तो म्हणाला. "हांगा खेळपाक आयल्यात काय घाडीपण करूंक?"

बाजूची कॉलेजची मुलं हसली. उषानं सांगायचा प्रयत्न केला, पण त्यानं पुडी तिच्या हातातून घेतली आणि मागे न बघता गटारात टाकली. मंतरलेली राख आपल्या मैदानात नको, म्हणे. शालिनीबाई आणि जयवंत तेव्हा आत जागा बघत होते. उषा गटारात वाकली, तर राखेचा चिखल झाला होता.

देवकीनं तळहात एकमेकांवर घासून बघितले. जयवंत म्हणाला, थांब, कुठल्यातरी हॉटेलच्या चुलीतली राख आणतो, आणि तो धावत बाजारात गेला. तो परतायच्या आधीच तिचं नाव पुकारलं गेलं.

समोरच्या बाजूला रोहिणी नावाची पणजीच्या कॉलेजची मुलगी होती. तिच्याबद्दल वाकडं लिहायला मला कारण नाही, ती खरोखर चांगली खेळायची. पायात पांढरेशुभ्र मोजे, आणि पाय असा की आता इथे, आता तिथे. ती चढाईला आली, उजवीकडे भासवलं आणि डाव्या कोपऱ्यावर पाय टाकला. देवकीनं घोटा धरला. हात सटकला. तेल होतं ना हाताला. तिनं धरलेलं सुटलं असं आजवर कधी झालं नव्हतं. पण तिनं तसंच अंग झोकून कोपराच्या बेचक्यात तो पाय अडकवला आणि रोहिणी मधल्या रेषेपासून हातभर अंतरावर उपडी पडली. तिचा दम तुटला.

बसलेल्यांतून टाळ्या वाजल्या. रोहिणी उठली, पायाकडे बघितलं. पांढऱ्या मोज्यावर काळ्या बोटांचे ठसे उमटले होते. हे काय लागलं, असं ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. तेवढं गोकुळदासला पुरलं. तो टेबलामागून उठून आत आला आणि पंचाला म्हणाला, हिचे हात बघा.

पंचानं हात पुढे करायला सांगितलं. देवकीनं केले. लपवण्यासारखं काही आहे हे तिच्या डोक्यातच नव्हतं. काळ्या भेगा, निघालेली सालं, आणि त्यावर खोबरेलाची चकाकी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पंचानं बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं, त्यानं ते रुमालाला पुसलं.

"तेल लायनासतना कातडी फुटता, सायबा," देवकी म्हणाली. "रोज लायतां. राख हाडिल्ली, ती ह्यांणी उडयली."

पंच गोकुळदासकडे बघू लागला. शालिनीबाई तोवर रेषा ओलांडून आत आल्या होत्या. त्यांनी विचारलं की धरणाऱ्या माणसाच्या हाताला तेल असेल तर फायदा कुणाचा, त्याचा की निसटणाऱ्याचा? हे समजायला मॅट्रिकही व्हावं लागत नाही. तिनं अंगाला, पायाला तेल लावलंय का, बघा. हातालाच आहे, आणि तोटा तिचाच झालाय.

"बाई, तुमी मराठी शिकयात," गोकुळदास म्हणाला. "नेम आमी पळयतात."

रोहिणी पुढे आली आणि म्हणाली की पकड बरोबर होती, सर. तिला कुणी ऐकलं नाही. देवकीनं विचारलं, हात धुऊन येऊ का? आता झालं, पुढचं नाव घ्या, असं उत्तर आलं. ती तरीही नळावर गेली. साबण मागितला, माती घेतली, घासत राहिली. तेल थोडं गेलं, काळं गेलं नाही. जयवंत हॉटेलातली राख कागदात घेऊन धापा टाकत आला तेव्हा ती नळाखाली हात धरून नुसती उभी होती.

"राख न मारताच उतरलीस व्हय?" त्यानं विचारलं. मग त्यानं उषाकडे बघितलं आणि कागद मुठीत चुरगाळला.

परतीच्या बसमध्ये देवकी खिडकीशी बसली. कोलवाळचा पूल आला तेव्हा ती उषाकडे वळली. धरलो न्हय गो हांवें तिचो पाय? असं तिनं विचारलं. उषा म्हणाली, धरलो. जयवंत म्हणाला, धरलास की.

आणि मंगळवारी पेपरात आलं. ज्या पेपराला इतक्या वर्षांत ह्या बायका दिसल्या नव्हत्या, त्याला त्या आता दिसल्या. फुटबॉलच्या बातमीखाली चौकट होती: "अंगाला तेल फासून चढाई, पेडण्याच्या कामगार महिलेला बाहेरचा रस्ता." अंगाला. फासून. आणि चढाई! कोपऱ्यावर धरायला उभी असलेली बाई चढाईला गेली असं लिहिणाऱ्यानं कबड्डी जन्मात बघितलेली नव्हती. त्याला गोकुळदासनं फोनवर सांगितलं असणार आणि ह्यानं डोकं खाजवत लिहिलं असणार. नाव नाही. तिला विचारणं नाही. खाली एक ओळ की नव्या राज्याच्या खेळात अशा प्रवृत्तींना थारा नको.

बसच्या कंडक्टरनं तिला तेलाबद्दल विचारलं. शेठनं ओळीसमोर उभं राहून विचारलं की गे, माझ्या बियांच्या तेलावर तू कबड्डी जिंकतेस काय. देवकी बिया फोडत राहिली, आणि ओळीतली एकही बाई हसली नाही. घरी भाऊ म्हणाला, पुरे झाला हा खेळ, आता स्थळं परत जातील.

शालिनीबाईंनी शाळेतून पेपरला फोन लावला. मराठीसाठी ज्या पेपरच्या त्यांनी गावोगाव वर्गण्या गोळा केल्या होत्या, त्याच्या खेळाच्या टेबलावरच्या माणसाला त्यांनी सगळं सांगितलं: भट्टी, टरफल, खोबरेल, राख, गटार. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला:

"बाई, काजूचं असं तेल असतं हे आम्हाला कसं माहीत? एक करा, तिला घेऊन या. हात बघतो, फोटो काढतो, छापतो. मात्र दुपारी चारनंतर या, आणि रविवारी नको, रविवारी आमची माणसं फुटबॉलला असतात."

आम्हाला कसं माहीत! गोव्यातला माणूस काजूच्या बोंडांची उराक पितो, काजू खातो, पाहुण्याला काजूचं पाकीट देतो, आणि ते गर टरफलातून कोण काढतं हे त्याला माहीत नाही. पण बाईंनी राग गिळला. निदान त्यानं दार उघडलं होतं. त्या कोरगावला गेल्या आणि देवकीला म्हणाल्या की पणजीला जायचं. संपादकाच्या टेबलावर हात ठेवायचे, पालथे आणि उताणे, आणि उठायचं नाही तो छापेपर्यंत.

देवकीला ते पटलं. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा बोलल्यासारखी बोलली. टेबलार तेल लागतलें हां बाई, तेंय छापूंक सांगुया, म्हणाली. पण जायचं कधी? रविवार त्यांना नको, आणि बाकीच्या दिवशी हिला सुट्टी नाही. मोसमात एक दिवस चुकला तर ओळीतली जागा दुसरीला जायची आणि बाहेर वाट बघणाऱ्या कमी नव्हत्या. ठरलं की कारखाना चवथीला बंद पडला की जायचं.

दरम्यान संघ गेला. कुठेतरी जाऊन लवकर परत आला. पेपरात मोठा फोटो, ओळीनं नावं, मध्ये गोकुळदास गळ्यात हार घालून.

चवथ झाली. गणपती पोचवून आठवडा-दोन आठवडे गेल्यावर शालिनीबाई छत्री, पर्स घेऊन सकाळीच कोरगावच्या बसथांब्यावर उतरल्या. देवकी तयार होऊन उभी होती, केसांत अबोली, नवं पातळ. ती हसली आणि बाईंसमोर हात पुढे केले. हात गुलाबी होते. कामं बंद झाली की त्या बायकांची जुनी कातडी निघून जाते आणि खालून नवी येते, तान्ह्या पोरासारखी. भेगा बुजल्या होत्या. नखांच्या कडा तेवढ्या काळ्या.

"हे हात घेवन गेल्यार तो कितें म्हणटलो?" देवकी म्हणाली. "बाई, खंय आसा तेल, म्हणटलो."

दोघी थांब्यावरच्या दगडावर बसल्या. म्हापशाची बस आली आणि गेली. हात जळलेले असतात तेव्हा सुट्टी नाही, सुट्टी असते तेव्हा हात जळलेले नाहीत, असा तो पेच होता. शेवटी ठरलं की पुढच्या मोसमात काहीतरी करून एक दिवस काढायचा.

पुढच्या मोसमाआधी देवकीचं लग्न झालं, डिचोलीला. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. तिथेही काजूचा कारखाना होता आणि ती तिथल्या ओळीत बसली. तिथेही रविवारी तिनं खाणीवरच्या बायका गोळा केल्या, मातीवर रेषा ओढल्या, राख चोळायला शिकवली. लाल धुळीत खेळून त्या बायका घरी जायच्या तेव्हा माणूस ओळखू येत नसे. त्यांच्याबद्दल कुठल्या पेपरात काय आलं, हे विचारू नका.

शालिनीबाई आणि ती वर्षा-दोन वर्षांनी कुठेतरी भेटायच्या, जत्रेत, कुणाच्या लग्नात. भेटल्या की देवकी आधी तळहात पुढे करायची. मोसम असला तर काळे, नसला तर गुलाबी. पणजेक वचपाचें उरलां हां बाई, म्हणायची. जाऊ या, बाई म्हणायच्या. एकदा दिवस ठरला तर तिच्या मुलाला ताप आला. एकदा दोघी फेरीपर्यंत पोचल्या तर त्या दिवशी संप होता. मग तो पेपरवाला माणूस निवृत्त झाला, त्याच्या जागी आलेल्याला काही माहीत नव्हतं. तोवर मांडवीवर नवा पूलही झाला.

गेल्या वर्षी चवथीच्या आधी डिचोलीच्या बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेताना दोघींची गाठ पडली. देवकी वाळली होती. कारखाना सोडून बरीच वर्षं झाली होती, हात मऊ होते, पण नखांच्या कडा तशाच. तिनं नातवाच्या हातात सुपाऱ्यांची पिशवी दिली, दोन्ही हात बाईंसमोर धरले, पालथे आणि उताणे.

"बाई, आमचें पणजेचें काम रावलें," ती म्हणाली.

बाईंनी सांगितलं, चवथ होऊ दे, मीच गाडी करून येते. चवथ झाली. मग देवकीला बरं नाही असं कळलं, मग बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग शिगमा आला. गाडी कुणीच केली नाही, आणि पणजीला दोघी गेल्या नाहीत.